लोहमार्गाने टाळलेले गाव : कॅन्ससमधील निकोडेमस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागी, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यापासून पश्चिमेस रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत, जो विस्तीर्ण आणि जवळजवळ वृक्षहीन गवताळ प्रदेश पसरलेला आहे, त्याला ढोबळमानाने ‘प्रेअरी’ असे म्हटले जाते. या प्रदेशाच्या पश्चिम भागातील बहुतेक गावे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दोन-तीन दशकांच्या अवधीत वसली. एखाद्या जुन्या बाजारपेठेभोवती किंवा देवस्थानाभोवती पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली ही गावे नव्हती; त्यांचे रस्ते आणि भूखंड आधी कागदावर आखले गेले, त्या भूखंडांची जाहिरात झाली आणि माणसे त्यानंतर आली. अशा गावाचे भवितव्य सरकारचा जमीनविषयक कायदा, आभाळातून पडणारा पाऊस आणि खासगी कंपन्यांनी टाकलेला लोहमार्ग या तीन गोष्टींवर अवलंबून असे, आणि त्यांपैकी एकही गोष्ट गावकऱ्यांच्या हाती नसे. कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ 1877 साली वसलेल्या निकोडेमस या छोट्या गावाचा इतिहास या तिन्ही गोष्टींचा परिणाम स्पष्टपणे दाखवतो. हे गाव गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवले होते, आणि मिसिसिपीच्या पश्चिमेस यादवी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात अशा कुटुंबांनी वसवलेल्या वस्त्यांपैकी टिकून राहिलेली सर्वांत जुनी वस्ती म्हणून ते आज ओळखले जाते.

स्वातंत्र्य मिळाले, जमीन मिळाली नाही

निकोडेमसचे पहिले रहिवासी मुख्यतः केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउन या गावांच्या परिसरातून आले. केंटकीने यादवी युद्धात संघराज्याची साथ सोडली नव्हती, त्यामुळे बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त करणारी 1863 ची लिंकन यांची घोषणा तेथे लागू झाली नाही, आणि तेथील गुलामगिरी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती डिसेंबर 1865 मध्ये अमलात आल्यानंतरच कायद्याने संपुष्टात आली. मुक्त झालेल्यांना जमीन देण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. जनरल शर्मन यांनी जानेवारी 1865 मध्ये दक्षिणेच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी 40 एकरांपर्यंत वाटून देण्याचा आदेश काढला होता, परंतु अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी तो फिरवला आणि जमीन पूर्वीच्या मळेवाल्यांकडे परत गेली. दक्षिणेतील पाच राज्यांत सरकारी जमीन देऊ करणारा 1866 चा स्वतंत्र कायदाही निकृष्ट जमीन आणि स्थानिक विरोध यांमुळे फारसा उपयोगी पडला नाही, व 1876 मध्ये तो रद्द झाला. परिणामी बहुसंख्य मुक्त शेतकरी अर्धेलीने शेती करू लागले, म्हणजे जमीन, बियाणे आणि उधारी मालकाची, कष्ट कुळाचे आणि पिकाचा मोठा वाटा पुन्हा मालकाचा, अशा व्यवस्थेत अडकले. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, त्या वेळी ज्या मुक्तीचा त्यांनी गौरव केला ती कायद्याने पूर्ण झालेली होती. तिला आर्थिक आधार नव्हता. 1877 मध्ये संघराज्याने दक्षिणेतील आपले लष्करी पाठबळ काढून घेतल्यावर तर मतदानाचा हक्क आणि जीविताची सुरक्षितताही धोक्यात आली.

अशा स्थितीत कॅन्ससकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. गुलामगिरीला परवानगी द्यावी की नाही या प्रश्नावर 1850 च्या दशकात तेथे प्रत्यक्ष रक्तपात झाला होता, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारे जॉन ब्राउन यांचे नाव त्या संघर्षातूनच देशभर पोहोचले होते, आणि 1861 मध्ये कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले होते. तेथे 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली सरकारी जमीनही उपलब्ध होती. या कायद्यानुसार कुटुंबप्रमुखाला किंवा 21 वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला अल्प नोंदणी शुल्क भरून 160 एकरांपर्यंत जमीन मागता येत असे, आणि तेथे घर बांधून, जमीन कसून, पाच वर्षे वास्तव्य केल्यास तिचा मालकी हक्क मिळत असे. कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व 1866 चा नागरी हक्क कायदा आणि 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती यांमुळे निर्विवाद झाल्यावर हा मार्ग त्यांनाही खुला झाला. या कायद्याखाली देशभरात अखेरीस सुमारे 16 लाख लोकांना 27 कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण क्षेत्रफळाच्या जवळपास दशांश जमीन देण्यात आली.

ही जमीन रिकामी मात्र नव्हती. कॅन्ससच्या या भागात पॉनी, कान्झा, शायेन आदी मूलनिवासी समाज बायसन या रानबैलसदृश प्राण्याची शिकार करत आणि नद्यांच्या काठाने वावरत असत. करार, लष्करी मोहिमा आणि बायसनच्या कळपांची बेसुमार कत्तल यांमुळे त्यांचा आधार तुटत गेला. ज्यांच्या नावावरून राज्याचे नाव पडले त्या कान्झा लोकांना 1873 मध्ये दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आले. एका वंचित समूहाला मिळालेली जमीन दुसऱ्या समूहाकडून काढून घेतलेली होती, हे निकोडेमसच्या इतिहासात गृहीत धरूनच पुढे जावे लागते.

कागदावरचे गाव

एप्रिल 1877 मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. ‘टाउन कंपनी’ म्हणजे गावठाणासाठी जमीन मिळवून, तिचे भूखंड पाडून, ते विकण्याच्या उद्देशाने स्थापन झालेली संस्था. प्रेअरीवरील बहुतेक गावांची सुरुवात अशाच कंपन्यांतून झाली. या कंपनीचे अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय होते, तर खजिनदार डब्ल्यू. आर. हिल हे गावे वसवण्याचा व्यवसाय करणारे गौरवर्णीय गृहस्थ होते. गावठाण सुमारे 160 एकरांचे होते. हा आकडा योगायोगाचा नव्हता. 1785 पासून रूढ झालेल्या सरकारी भूमापन पद्धतीनुसार संपूर्ण पश्चिमेकडील प्रदेश सहा मैल लांब-रुंद चौकोनांत आणि असा प्रत्येक चौकोन एक चौरस मैलाच्या, म्हणजे 640 एकरांच्या, 36 ‘सेक्शन’मध्ये विभागला जात असे, आणि सेक्शनचा चतुर्थांश हे शेताचे आणि अनेकदा गावाचेही मूळ परिमाण होते. प्रेअरीवरील रस्ते आजही काटकोनात एकमेकांना छेदत जातात, त्याचे कारण हेच आहे.

कंपनीने केंटकीतील चर्चमधून भाषणे करून आणि पत्रके वाटून प्रचार केला. लेक्सिंग्टनमध्ये वाटलेल्या एका पत्रकात 5 सप्टेंबर 1877 रोजी कॅन्ससला जाऊ इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीयांना पाच डॉलरमध्ये सामील होता येईल असे जाहीर करण्यात आले होते. सुपीक माती, मुबलक पाणी आणि स्वतःच्या गावाचे स्वातंत्र्य यांचे वर्णन करणारी अशी पत्रके त्या काळी युरोपातील खेड्यांपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सर्वत्र वाटली जात होती आणि त्यांत अतिशयोक्ती हा नियमच होता. निकोडेमसच्या बाबतीत फरक एवढाच की, हा प्रचार ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांच्याकडे फसगत झाल्यास परतण्यापुरतीही पुंजी बहुधा नव्हती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सायमन राउंडट्री हे धर्मोपदेशक आणि त्यांच्यामागून झॅकरी फ्लेचर व जेनी फ्लेचर हे दांपत्य असे मोजके लोक तेथे पोहोचले, आणि सप्टेंबरमध्ये केंटकीहून सुमारे 300 जणांचा पहिला मोठा समूह आला. जवळचे रेल्वे स्थानक दक्षिणेस एलिस येथे होते आणि तेथून पुढचा प्रवास खुल्या माळावरून पायी किंवा गाडीने करावा लागे. गावाच्या जागी पोहोचल्यावर त्यांना घरे, दुकाने किंवा झाडे यांपैकी काहीच दिसले नाही, आणि अनेक कुटुंबांनी लगेच परतीची वाट धरली. 1878 च्या वसंतात आलेल्या समूहातील विलियाना हिकमन यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणीनुसार, पतीने गाव आले म्हणून बोट दाखवले तेव्हा त्यांना जमिनीतून निघणारा धूर तेवढा दिसला आणि रडू कोसळले. त्या समूहातील मुलांना वाटेत गोवराने गाठले होते आणि काही मुले दगावली होती.

मातीतली घरे आणि पहिली वर्षे

जमिनीतून धूर निघण्याचे कारण ‘डगआउट’ हा घराचा प्रकार होता. इमारती लाकूड नसलेल्या प्रदेशात उतारावर आडवे खोदून, समोरच्या बाजूला मातीची किंवा दगडाची भिंत उभारून आणि वर फांद्या, गवत व माती यांचे छप्पर घालून हे घर तयार केले जाई. ज्यांना शक्य होई ते पुढे ‘सॉड’चे घर बांधत. शेकडो वर्षे न नांगरलेल्या गवताच्या मुळांनी माती इतकी घट्ट बांधलेली असे की, तिच्या जाड पट्ट्या कापून विटांप्रमाणे रचता येत. हीच मुळे शेतकऱ्यांची मोठी अडचणही होती. ही जमीन फोडण्यासाठी पोलादी फाळाचा जड नांगर आणि तो ओढण्यासाठी जनावरांच्या जोड्या लागत, परंतु पहिल्या वसंतात संपूर्ण वस्तीत बोटांवर मोजण्याइतकेच घोडे होते. त्यामुळे कुदळ-फावड्यांनी जेवढी फुटेल तेवढ्याच जमिनीत पेरा झाला. सरपणासाठी वाळलेले शेण आणि सूर्यफुलाची धाटे वापरली गेली, आणि पुरुष मजुरीच्या शोधात रेल्वेच्या कामांवर व दूरच्या शेतांवर गेले.

पहिल्या हिवाळ्यात अन्नाची टंचाई तीव्र झाली, तेव्हा शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याजवळचे मांस वस्तीला दिले, अशी माहिती गावाच्या परंपरेत जपलेली आहे. ओसेज लोकांनाही जेमतेम काही वर्षांपूर्वी कॅन्ससमधील त्यांच्या जमिनींवरून हटवण्यात आले होते, ही बाब त्या मदतीचे मोल वाढवते. राज्यातील इतर भागांतूनही धान्य आणि कपडे आले. मात्र गावकऱ्यांनी 1879 मध्ये बाहेरची मदत मागणे बंद करण्याचा ठराव केला आणि टाउन कंपनीही विसर्जित झाली. त्याच वर्षी दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय लोकांचे जे मोठे स्थलांतर कॅन्ससमध्ये झाले, त्या ‘एक्झोडस’मध्ये निकोडेमसची गणना अनेकदा केली जाते, परंतु वस्तुतः हे गाव त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे आणि त्याची उभारणी नियोजनपूर्वक झालेली आहे.

सोसलेल्या हालांचे फळ पुढील दशकात दिसू लागले. 1880 च्या दशकात गावात सामानाची दुकाने, हॉटेले, औषधांचे दुकान, बँक, चर्च आणि शाळा अशी वाढ झाली. जवळच्या खाणींतील चुनखडीचा दगड बांधकामासाठी वापरला जाऊ लागला. 1886 आणि 1887 मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ व ‘निकोडेमस एंटरप्राइझ’ ही दोन वृत्तपत्रे सुरू झाली. व्यापाऱ्यांमध्ये गौरवर्णीयही होते. शिकागोहून 1878 मध्ये आलेले एडवर्ड मॅकेब यांनी जमीन नोंदणीची कामे पाहत सार्वजनिक जीवनात प्रवेश केला. 1880 मध्ये ग्रॅहम काउंटीची औपचारिक स्थापना झाली, तेव्हा ते तिचे लिपिक झाले. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय विभाग असून आपल्याकडील जिल्ह्याशी त्याचे साम्य आहे. 1882 मध्ये मॅकेब कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले आणि 1884 मध्ये त्यांची फेरनिवड झाली. दक्षिणेबाहेरच्या एखाद्या राज्यात कृष्णवर्णीय व्यक्तीने राज्यस्तरीय निवडणूक जिंकणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

पावसाची रेषा

पिकांची परिस्थिती मात्र कायम अस्थिर राहिली. अमेरिकेत पश्चिम रेखांशाच्या 100 अंशांच्या आसपास वार्षिक पाऊस सुमारे 20 इंचांच्या खाली उतरतो, आणि त्यापलीकडे सिंचनाशिवाय शेती भरवशाची राहत नाही, असा इशारा भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 च्या आपल्या सरकारी अहवालात दिला होता. निकोडेमस या रेषेच्या अगदी जवळ, किंचित पूर्वेस आहे. चांगल्या वर्षी तेथे मका आणि गहू उत्तम येत, आणि वाईट वर्षी काहीच हाती लागत नसे. जमीन नांगरली की पाऊस वाढतो, हा समज त्या काळी जाहिरातदारांनीच नव्हे तर नेब्रास्कातील काही अभ्यासकांनीही पसरवला होता, आणि 1880 च्या दशकातील काही ओल्या वर्षांनी त्याला बळ दिले. त्यानंतर आलेल्या अवर्षणांनी तो खोटा ठरवला. पूर्वेकडील दमट प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली 160 एकरांची मर्यादा या कोरडवाहू पट्ट्यात एका कुटुंबाला पुरत नाही, हे काँग्रेसनेही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेही, कालांतराने मान्य केले आणि 1909 च्या कायद्याने काही राज्यांतील कोरड्या जमिनींसाठी ती दुप्पट केली.

लोहमार्गाचा निर्णय

तरीही निकोडेमसच्या ऱ्हासाला सुरुवात अवर्षणाने झाली नाही. ती लोहमार्गाने झाली. धान्य हा जड आणि स्वस्त माल असल्याने तो घोडागाडीने लांबवर नेणे परवडत नसे. एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर स्थानक असेल तरच शेतमालाला बाजार मिळे, आणि शेतकरी जेथे माल विकी तेथेच खरेदीही करी. म्हणून लोहमार्ग आलेल्या गावाकडे व्यापार सरकत असे. कंपन्याही याचा लाभ घेत. मार्ग निश्चित करण्याआधी त्या गावोगावी वाटाघाटी करून आर्थिक मदत मागत, आणि गावे रोखे काढून, म्हणजे भविष्यातील करांच्या भरवशावर कर्ज उभारून, ती देऊ करत. निकोडेमसच्या मतदारांनी 1887 मध्ये मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी 16,000 डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. वृत्तपत्रांनी गावाच्या भरभराटीची भाकिते केली आणि भूखंडांना भाव आला.

मिसुरी पॅसिफिकचा मार्ग मात्र पूर्वेकडील स्टॉकटनपुढे आला नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकने आपला मार्ग सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून, निकोडेमसपासून काही मैलांवरून नेला आणि तेथे बोग हे नवे गाव उभे राहिले. काही महिन्यांतच व्यापाऱ्यांनी आपला माल आणि काहींनी तर दुकानांच्या इमारतीही बोगला हलवल्या; वृत्तपत्रे बंद पडली. याच मार्गावर पश्चिमेस असलेले आणि डब्ल्यू. आर. हिल यांनीच वसवलेले हिल सिटी काउंटीचे मुख्यालय झाले व आजही ते आहे. एकाच माणसाचा हात लागलेल्या दोन गावांपैकी एकाला लोहमार्ग व कचेऱ्या दोन्ही मिळाल्या, दुसऱ्याला काहीच मिळाले नाही. या निर्णयात वर्णभेदाचा वाटा किती आणि अभियांत्रिकी व आर्थिक हिशेबांचा वाटा किती, हे वेगळे करणे अवघड आहे. कारण लोहमार्गाने टाळल्यामुळे नामशेष झालेली गौरवर्णीयांची गावेही कॅन्ससमध्ये पुष्कळ आहेत. इतके निश्चित की, राजधानीत आणि कंपन्यांच्या दरबारी शब्द टाकणारे वजनदार लोक निकोडेमसकडे कमी होते. मॅकेबही पुढे ओक्लाहोमाकडे गेले आणि तेथील लँगस्टन या कृष्णवर्णीय गावाच्या स्थापनेत अग्रभागी राहिले.

बाजारपेठ गेल्यानंतर

सामान्यतः अशा गावाचा इतिहास येथे संपतो. निकोडेमसचा संपला नाही, याचे मुख्य कारण जमिनीच्या मालकीत आहे. दुकानदार स्थलांतर करू शकत होते. होमस्टेडची पाच वर्षे पूर्ण करून मालकी मिळवलेल्या शेतकऱ्यांना मात्र जमीन सोडून जाण्याचे कारण नव्हते. गावठाण ओस पडत गेले तरी आजूबाजूच्या शेतांवरील कुटुंबे चर्च, शाळा आणि सभागृह यांसाठी तेथेच येत राहिली. बाप्टिस्ट चर्चची 1907 मधील वास्तू आणि 1918 मधील शाळेची इमारत व्यापारी ऱ्हासानंतर उभ्या राहिल्या आहेत, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. 1930 च्या दशकातील महामंदी, अवर्षण आणि धुळीची वादळे यांनी गावाला पुन्हा तडाखा दिला. त्या काळातील सरकारी रोजगार योजनेतून 1939 मध्ये चुनखडीच्या दगडाचे टाउनशिप सभागृह बांधले गेले. ट्रॅक्टर आणि कापणी-मळणी यंत्रांमुळे थोड्या माणसांना मोठी शेती करता येऊ लागल्यावर तरुण पिढी डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी अशा शहरांकडे गेली, आणि 1953 मध्ये गावाचे टपाल कार्यालयही बंद झाले. देशभरात 1920 मध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास असलेली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या त्यानंतर सातत्याने घसरत गेली. कर्जवाटपातील भेदभाव हे त्यामागचे एक मोठे कारण होते, आणि त्याविरुद्धच्या दाव्यात संघराज्याच्या कृषी खात्याला 1999 मध्ये तडजोड करावी लागली. या पार्श्वभूमीवर निकोडेमसच्या परिसरात काही जमीन मूळ कुटुंबांच्या वंशजांकडे टिकून राहणे हे अपवादात्मक आहे.

समूह टिकण्याचे दुसरे कारण वार्षिक मेळावा हे होय. गावकऱ्यांनी सुरुवातीच्या काळापासून 1 ऑगस्टच्या सुमारास मुक्तिदिन साजरा केला. ब्रिटिश साम्राज्यातील वेस्ट इंडीज बेटांवर 1834 मध्ये याच तारखेला गुलामगिरीबंदीचा कायदा लागू झाला होता, म्हणून कृष्णवर्णीय अमेरिकी समाजात ही तिथी आधीपासून पाळली जात असे. गाव ओसरू लागल्यावर हाच दिवस दूर गेलेल्या कुटुंबांना परत आणणारे निमित्त ठरला, आणि आज जुलैच्या अखेरीस भरणाऱ्या या मेळाव्याला देशभरातून शेकडो वंशज येतात. 1988 च्या सुमारास स्थापन झालेल्या निकोडेमस हिस्टॉरिकल सोसायटीने कागदपत्रे व मौखिक आठवणी गोळा केल्या, आणि वंशजांच्या पाठपुराव्यामुळे नोव्हेंबर 1996 मध्ये काँग्रेसने गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. सभागृह, दोन चर्च, शाळा आणि सेंट फ्रान्सिस हॉटेल या पाच वास्तू त्याचा गाभा मानल्या जातात.

आज निकोडेमसची कायम लोकसंख्या दोन डझनांपेक्षा कमी आहे, आणि केवळ जनगणनेच्या आकड्यांवरून पाहिल्यास ते प्रेअरीवरील असंख्य मावळत्या गावांपैकी एक ठरते. परंतु त्या आकड्यांतून जे मोजले जाते ते मुख्यतः बाजारपेठ म्हणून असलेले गाव, आणि त्या गावाचे भवितव्य 1888 मध्येच लोहमार्गाने ठरवून टाकले होते. केंटकीहून निघालेल्या लोकांनी मात्र जे मागितले होते ते कोणाचे कूळ न होता कसता येणारी जमीन आणि स्वतःच्या संस्था हे होते. ती मागणी, मूलनिवासींच्या विस्थापनाची किंमत हिशेबात धरूनही, बऱ्याच अंशी पूर्ण झाली. म्हणूनच बाजार उठल्यानंतरही गावाशी नाते सांगणारा समाज उरला, आणि त्याच समाजाने पुढे सरकारला आपल्या इतिहासाची दखल घ्यायला लावली.